बाळंतिणीच्या खोलीबाहेरचा बाप : हिरकणीपासून साकीनाक्यापर्यंत (थ्रेड)

१/
महाराष्ट्रातील अनेक एसटी स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ अशी पाटी असलेली एक लहानशी खोली दिसते. तान्ह्या बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला प्रवासात चार भिंतींचा आडोसा मिळावा, एवढाच तिचा हेतू. नाव समर्पक आहे. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, तिन्हीसांजेला बंद झालेले दरवाजे, घरी भुकेले बाळ आणि काळोखात उतरलेला कडा, ही कथा मराठी मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असते. गडावरचा हिरकणी बुरूज आजही तिचे नाव सांगतो. इतिहासाच्या कागदपत्रांपेक्षा लोकस्मृतीत ती अधिक नांदते, हा भाग वेगळा.

२/
या कथेत एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : त्या रात्री बाळाचा बाप कुठे होता? काही कथनांत तो मोहिमेवर असतो, काहींत त्याचा उल्लेखच नसतो, आणि ऐकणाऱ्यालाही तो आठवत नाही. दूध पाजणे हे आईचे काम, त्यासाठी कडा उतरायचा तो तिनेच, हे सर्वांनी गृहीत धरलेले. आजच्या हिरकणी कक्षाच्या दारातही पिशव्या सांभाळत नवरा बाहेर थांबतो. हा थ्रेड त्या बाहेर थांबलेल्या माणसाविषयी आहे. मुंबईत गेल्या शंभर वर्षांत पाजणाऱ्या आईला आधार देण्यासाठी कायदे झाले, चळवळी झाल्या, रुग्णालये बदलली. या साऱ्यात बाप सर्वांत शेवटी आला. का, ते पाहू.

३/
आरंभ माहेरापासून करावा लागतो. पहिले बाळंतपण माहेरी, ही महाराष्ट्रातील जुनी रीत. सुईण, आई, आजी, शेजारणी. शेक-शेगडी, तेल, धुरी. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा. सव्वा महिना बाळंतिणीने घरकामाला हात लावायचा नाही. या व्यवस्थेत नवऱ्याला जागाच नव्हती. पाचवी झाली, सटवीची पूजा झाली, तरी तो गावी किंवा आपल्या घरी. बारशाला आला तर पाहुण्यासारखा पाटावर बसायचा, बाळाच्या हातावर काही ठेवायचा आणि परतायचा.

ही व्यवस्था निर्दयी नव्हती. पाजणाऱ्या बाईच्या अंगावरची इतर सगळी कामे कोणीतरी उचलली पाहिजेत, हे तिला नेमके कळले होते. तिच्या काही समजुती मात्र बाळाच्या जिवावर बेतणाऱ्या होत्या. पहिला पिवळसर चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकला जाई आणि बाळाच्या तोंडी मध किंवा गुटी जाई.

४/
विश्रांतीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर गोठ्यातील एका शब्दात आहे. अनोळखी माणूस धार काढायला बसला, किंवा गाय बुजली, की ती ‘पान्हा चोरते’. शेतकऱ्याला हे शतकानुशतके माहीत होते. शरीरशास्त्राने त्याची कारणे विसाव्या शतकात उलगडली. बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन स्रवते आणि साठलेले दूध वाहू लागते. वेदना, भीती, संकोच, अपमान यांनी हा स्राव अडतो. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन रात्री अधिक असते. स्तन जितके रिते होतील तितके नवे दूध बनते. तेव्हा पाजणाऱ्या आईला आधार देणे ही केवळ माणुसकीची बाब नव्हे. घरातील माणसे तिच्याशी कशी वागतात, हा दूध उतरण्याच्या यंत्रणेचाच एक भाग आहे.

५/
मुंबईने माहेराची ही चौकट मोडली, पण तिच्या जागी दुसरे काही दिले नाही. गिरण्यांसाठी कोकणातून आणि घाटावरून जे आले ते बहुतांशी पुरुष. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सव्वापाचशेच्या आसपास. हे पुरुष एका खोलीत दहा-बाराजण राहत, खानावळीत जेवत आणि मनिऑर्डर करत. बायको गावी बाळंत होई. नवऱ्याला कळे ते पत्राने, मूल दिसे ते पुढल्या शिमग्याला किंवा गणपतीला. मराठी बाप ‘अलिप्त’ का, याची अनेक कारणे संस्कृतीत शोधली जातात. त्यातील एक मोठे कारण कोकणची बोट आणि गिरणीची हजेरी यांत सापडते.

६/
ज्या स्त्रिया मुंबईत होत्या आणि स्वतः गिरणीत जात होत्या, त्यांची कथा याहून कठीण. १९२२ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिससाठी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरने कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. तिच्या अहवालातील एक आकडा पुढे वारंवार उद्धृत झाला : गिरणीत जाणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्यांपैकी ९८ टक्के बाळांना अफू दिली जात होती. ‘बाळागोळी’ म्हणून ती बाजारात सहज मिळे. सकाळी बाळाला गोळी द्यायची, शेजारच्या म्हातारीच्या किंवा सहा-सात वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या ओटीत ठेवायचे आणि भोंग्याला गिरणी गाठायची. गुंगीतले बाळ रडत नाही, आणि भूक लागली तरी मागत नाही. तिकडे यंत्रावर उभ्या आईची छाती दाटून येते, पदर भिजतो आणि काही दिवसांत दूध आटते.

सुखवस्तू समाजाने या आयांना अडाणी ठरवले. दिवसाचे दहा-दहा तास बाळापासून तुटलेल्या बाईपुढे दुसरा कोणता उपाय होता, हे विचारणारे थोडे होते.

७/
त्याच सुमाराचे आणखी काही आकडे. १९२१ मध्ये मुंबईच्या आरोग्य खात्याने नोंदवलेला बालमृत्यूचा दर हजारी ६६६ होता. एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्या कुटुंबांत तो ८२८, आणि चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. या आकड्यांकडे थोडे जपून पाहावे. अनेक मुले गावी जन्मत आणि शहरात दगावत, शिवाय जन्मांची नोंद अपुरी असे. त्यामुळे प्रत्यक्षातील दर यापेक्षा कमी असणार. तरीही एका खोलीचे घर आणि चार खोल्यांचे घर यांतील दरी नोंदीच्या दोषाने भरून निघत नाही.

८/
या पार्श्वभूमीवर बाळंतपणाच्या रजेचा प्रश्न विधिमंडळात पोचला. १९२४ मध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. मग मुंबई कायदे कौन्सिलात रा. सी. आसवले यांनी प्रयत्न केला. २८ जुलै १९२८ रोजी या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे. म्हणून या खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलावा. पण तिच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकालाही त्यातून पूर्ण अंग काढून घेता येणार नाही, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता.

१९२९ मध्ये ‘बॉम्बे मॅटर्निटी बेनिफिट ॲक्ट’ झाला. या विषयावरील हा देशातील पहिला कायदा. प्रसूतीपूर्वी तीन आठवडे, नंतर चार आठवडे, दिवसाला आठ आणे. आज ही रक्कम आणि मुदत तुटपुंजी वाटेल. पण पाजणाऱ्या बाईचा वेळ फुकट नसतो, त्याची किंमत कोणीतरी मोजली पाहिजे, हे तत्त्व तिथे प्रथम मान्य झाले.

९/
पुढची वाट थोडक्यात. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ च्या दुरुस्तीत ही मर्यादा तीसवर आली. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली आणि बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन विरामही दिले. मोजणी मात्र स्त्रियांचीच. ज्या कारखान्यात पाचशे पुरुष कामाला, तिथे पाचशे घरांतील तान्ही असली तरी कायद्याच्या दृष्टीने तिथे एकही मूल नव्हते.

१०/
दरम्यान घरात एक नवी वस्तू आली : दूधपावडरीचा डबा आणि बाटली. गुटगुटीत बाळाचे चित्र असलेला तो डबा प्रगतीची खूण मानला गेला. इथे बापाचा प्रवेश होतो, आणि तो चुकीच्या दाराने होतो. डबा विकत आणणारा बहुधा तोच. बायको रात्ररात्र जागते, बाळ तासाला रडते, ‘दूध पुरत नसेल’ असे कोणीतरी म्हणते. मग तो प्रेमापोटी, पदरमोड करून डबा घेऊन येतो. एक बाटली दिली की बाळ तेवढ्यापुरते अंगावर कमी पिते, कमी प्यायले की दूध कमी बनते, कमी बनले की दुसरी बाटली लागते. पंधरा दिवसांत ‘दूध पुरत नाही’ हे वाक्य खरे होऊन बसते. ज्या वस्तीत पाणी उकळायला इंधन जपून वापरावे लागते, तिथे त्याच बाटलीतून जुलाबही येतात. पैसे वाचवायला पावडर पातळ केली जाते, ते निराळेच.

११/
या बाटलीविरुद्धच्या लढ्यात महाराष्ट्राचे नाव मोठे आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे मुंबईकरांच्या सायन हॉस्पिटलात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात अर्भकांचा विभाग सांभाळत होत्या. गरीब वस्त्यांतून येणारी कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची बाळे जंतुसंसर्गाने दगावत. महागड्या यंत्रांपेक्षा आईचे दूध आणि स्वच्छ हात यांवर त्यांनी भर दिला. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी तिथे मातृदुग्ध पेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली. ज्या बाळाच्या आईला अजून पान्हा फुटलेला नाही किंवा जी आजारी आहे, त्याला दुसऱ्या आईचे दूध तपासून, पाश्चराइझ करून मिळू लागले.

३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात स्तनपानाच्या प्रसारासाठी ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. १९९२ मध्ये संसदेने शिशुदुग्ध-पर्यायांच्या जाहिरातीवर बंदी घालणारा कायदा केला. डब्यावरील ते गुटगुटीत बाळही त्याने पुसून टाकले.

१२/
डॉ. फर्नांडिस यांच्या पुढच्या कामात या विषयाचे एक सूत्र दडलेले आहे. १९९९ मध्ये त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था काढली. वस्तीतील बाळांच्या पोषणाचे काम करता करता ही संस्था स्त्रियांवरील घरगुती हिंसेच्या प्रश्नावरही काम करू लागली. वरवर पाहता हे दोन वेगळे विषय. पण चौथ्या पोस्टमधील पान्हा आठवावा. रात्री मार खाल्लेल्या बाईने सकाळी बाळाला शांतपणे पाजावे, ही अपेक्षा शरीराला मान्य नसते. रुग्णालयाने काहीही शिकवले तरी डिस्चार्जनंतर आई परतते ती नवऱ्याच्या घरी.

१३/
बापाला शिकवले तर काय होते, याची नीट तपासणी झाली ती दूर इटलीतील नेपल्स शहरात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २८० जोडपी होती. आयांना सगळ्यांना सारखेच मार्गदर्शन मिळाले. निम्म्या बापांना मात्र साधारण चाळीस मिनिटांची एक बैठक अधिक मिळाली. दूध कमी पडल्याची भीती कधी वाटते, छाती दाटली तर काय करावे, आई कामावर परतताना काय अडचणी येतात, आणि अशा वेळी नवऱ्याने डबा आणण्याऐवजी काय करावे, हे त्यांना सांगितले गेले. सहा महिन्यांनंतर या गटातील २५ टक्के आया पूर्णतः अंगावर पाजत होत्या. दुसऱ्या गटात १५ टक्के. दोन्ही आकडे आपल्याकडच्या मानाने कमी आहेत. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळे निव्वळ आईच्या दुधावर होती. नेपल्समधील फरक मात्र आईला काहीही जादा न शिकवता पडला, एवढे ध्यानात घ्यावे.

१४/
आता साकीनाका. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर साकीविहार रस्ता आणि खैरानी रस्ता जिथे मिळतात तो हा नाका. मोहिली, असल्फा, मरोळ ही शेजारची जुनी गावे शहराने केव्हाच पोटात घेतली. २०१४ च्या जूनमध्ये डोक्यावरून मेट्रो धावू लागली. खाली मात्र गाळ्यांचे जग तेच : लेथ, पत्राकाम, शिलाई, भंगार, पॅकिंग. १९८२ च्या संपानंतर गिरण्या विझत गेल्या आणि मुंबईचा कामगार असा दहा-दहा, पंधरा-पंधराच्या गाळ्यांत विखुरला. जवळच्याच सीप्झमधील मोठ्या कारखान्यांना पाळणाघराचा कायदा लागू होतो. पाच जणींच्या शिलाईच्या गाळ्याला तो लागू होत नाही. घरी बसून पिशव्या शिवणाऱ्या किंवा चारकामाला जाणाऱ्या बाईला तर नाहीच नाही.

१५/
या वस्तीतील जोडपी कोकणातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारातून आलेली. पूर्वीच्या गिरणी कामगाराहून एक मोठा फरक इथे पडला आहे : बायको गावी नाही, इथेच आहे. बाळंतपण पालिकेच्या रुग्णालयात होते आणि दोन-तीन दिवसांत ती दहा बाय दहाच्या खोलीत परतते. माहेर हजार-पंधराशे किलोमीटर दूर असेल, तर सव्वा महिना कोणी येऊन राहील अशी खात्री नाही. सासूही गावी. म्हणजे ज्या नवऱ्याला परंपरेने खोलीबाहेर ठेवले, मुंबईने शंभर वर्षे दूर ठेवले, तोच आता खोलीतील एकमेव नातेवाईक आहे. त्याला या कामाचे शिक्षण मात्र कोणाकडूनच मिळालेले नाही. बापाने बाळंतिणीची उस्तवार केल्याचे त्याने स्वतःच्या घरीही कधी पाहिलेले नसते.

१६/
अशा घरात त्याने करायचे तरी काय? हिशेब माहेराच्याच यादीचा आहे; फक्त करणारा बदलला आहे. ठरल्या वेळी नळाला पाणी येते ते त्याने भरायचे. टाके किंवा सीझरची जखम असलेल्या बाईने हंडा उचलायचा नाही. गॅसवर भात-डाळ त्याने टाकायची. थोरले मूल असेल तर त्याला अंगणवाडीत पोचवायचे, रात्री आपल्या कुशीत घ्यायचे. पाजताना आईला तहान लागतेच. तांब्या तिच्या हाताशी ठेवायचा. पाजून झाले की बाळ खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, दुपटे बदलायचे, तेवढा अर्धा तास तिने डोळे मिटायचे.

एका खोलीत आडोसा हाच मोठा प्रश्न असतो. पाहुणे दारात बसले की नवी आई संकोचते आणि बाळ उपाशी राहते. ‘जरा नंतर या’ हे शब्द सुनेच्या तोंडी उद्धट ठरतात. घरच्या पुरुषाच्या तोंडी चालून जातात. ‘तुझे दूध पातळ आहे’, ‘पुरत नाही’ असे कोणी म्हणाले तर बाळ दिवसाला सहा-सात वेळा लघवी करते आहे, वजन वाढते आहे, म्हणजे पुरते आहे, हे उत्तर त्याला पाठ असावे. स्तनाग्राला चिरा पडल्या, ताप आला, छातीत गाठ धरली, तर घरगुती लेपावर विसंबून न राहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि ती उगाच रडते, बाळाकडे पाहतही नाही, असे पंधरा दिवस चालले, तर तो तिचा स्वभाव नव्हे, आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत.

१७/
बाळ कमी वजनाचे असेल तर आणखी एक काम आहे. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस उबदार पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. कांगारूच्या पिशवीवरून तिला नाव पडले. ही ऊब बापाच्या छातीचीही चालते. आई जेवते, अंघोळ करते, झोपते, तेवढा वेळ बाळ त्याच्या अंगाशी राहू शकते. सव्वा महिना शेगडीपाशी बसलेल्या आजीला हे दृश्य चमत्कारिक वाटले असते. तत्त्व मात्र तिच्या शेगडीचेच.

१८/
हे सारे करायला वेळ लागतो, आणि गाळ्यात दिवसाच्या हजेरीवर पैसे मिळतात. इथे गोष्ट पुन्हा कायद्यापाशी येते. केंद्र सरकारने १९९७ मध्ये आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा दिली. खासगी क्षेत्राला तशी सक्ती झाली नाही. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली : रजा सव्वीस आठवडे, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर. या वेळी मोजणी केवळ स्त्रियांची नव्हती. पुरुषही त्या पन्नासांत धरले गेले. पण त्याच कलमात पाळणाघरात दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा दिली ती फक्त स्त्रीला. बापाला कायद्याने प्रथमच मोजले, आणि दारातच थांबवले.

१९/
त्याच वर्षी हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले. बापाला पंधरा दिवसांची पगारी रजा, तीन महिन्यांपर्यंत वाढवता येईल अशी. आणि ती केवळ सरकारी किंवा संघटित नोकरदारांपुरती नव्हे, असंघटित क्षेत्रातील कामगारांनाही. म्हणजे खैरानी रस्त्यावरच्या गाळ्यात लेथ चालवणाऱ्यालाही. ते मंजूर झाले नाही. २०१९ मध्ये सोळावी लोकसभा विसर्जित झाली, तेव्हा तिच्याबरोबर तेही व्यपगत झाले. बायको रुग्णालयातून घरी आली की साकीनाक्यातील बहुतेक बाप आजही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कामावर जातात.